उन्हाच्या मुलखांतील सहल : मंगळवेढें

सुटीचे दिवस जवळ आले कीं प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत 'यंदा कोठें जावयाचें' हा प्रश्न निघतो, आणि बहुतेक घरीं त्याचें उत्तर थंड हवेच्या एखाद्या ठिकाणाचें नांव घेऊन दिलें जातें. ही चाल आपल्याकडे फार जुनी नाहीं. मुंबईचा गव्हर्नर माल्कम यानें १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरीं गोऱ्या लोकांची वस्ती वसविली, आणि १८५० मध्यें ठाण्याचा कलेक्टर मॅलेट यानें माथेरानचा डोंगर हुडकून काढला. या देशाचें ऊन ज्यांना सोसवत नव्हतें, त्यांनीं आपल्या सोयीसाठीं हीं ठिकाणें निर्माण केलीं. पुढें त्यांच्या कचेऱ्यांतून काम करणारे आपले वकील, डॉक्टर व अंमलदार त्यांच्या मागोमाग तेथें जाऊं लागले, आणि सुटी म्हणजे उन्हापासून पळ काढणें अशी समजूत आपल्या घरांत कायमची होऊन बसली.

त्यापूर्वींच्या मराठी कुटुंबाचा प्रवास हा बहुधा उन्हाच्या मुलखांतूनच होत असे. पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी, शिखर शिंगणापूर हीं सारीं सह्याद्रीच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या प्रदेशांतील ठिकाणें. त्या यात्रेकरूंजवळ प्रवासाचें असें एक शास्त्र होतें. पहाटेस निघावें, सूर्य माथ्यावर येण्यापूर्वीं मुक्काम गांठावा, मुक्काम पाण्याजवळ परंतु पाण्याच्या फार जवळ नसावा, शिदोरी बरोबर असावी, आणि ज्या गांवीं उतरावयाचें त्या गांवची रीत आधीं विचारून घ्यावी. हे नियम पुस्तकांतून आलेले नसून अनुभवांतून आलेले होते. आणि तो अनुभव कित्येकदां फार महाग पडलेला होता.

आतां काळ पुन्हां पालटला आहे. शहरांतील कोंदट खोल्यांत राहणारीं माणसें पौष-माघांत उजेड आणि ऊन शोधीत बाहेर पडतात. बहुतेक समुद्रकांठीं जातात. तेथें जाऊं नये असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु स्वच्छ उन्हाचा, कोरड्या हवेचा आणि मुलांना कांहीं शिकवील असा मुलूख पाहिजे असेल, तर सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याची आठवण कुटुंबप्रमुखानें अवश्य करावी. सहलीची आंखणी कशी करावी हें सांगतांना त्या गांवचा इतिहास सांगण्याचें कारण इतकेंच, कीं केव्हां जावें, कोठें उतरावें, काय खावें, पाणी कसें वापरावें आणि काय पाहावें, या पांचहि प्रश्नांचीं उत्तरें मंगळवेढ्याच्या इतिहासांत आयतींच सांपडतात.

पहिला प्रश्न काळाचा. मंगळवेढें भीमा आणि माण या दोन नद्यांच्या जवळच्या पठारावर वसलें आहे. येथील पाऊस वर्षाकांठीं सुमारें पांचशें-सहाशें मिलिमीटर, आणि तोहि मुख्यतः भाद्रपदाच्या आगेंमागें पडणारा. तो चुकला कीं वर्ष चुकलें. वैशाखांत येथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो, काळी भुई भेगाळते, आणि दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूंहि दिसत नाहीं. अशा दिवसांत लहान मुलांना व वृद्धांना घेऊन येथें येणें हा शुद्ध अविचार होय. उलट मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे तीन महिने हे या मुलखाचे वैभवाचे दिवस. सकाळीं अंगावर शाल घ्यावी, दुपारीं ती कांखेंत धरावी, आणि रात्रीं पुन्हां पांघरावी, अशी ती हवा असते.

याच दिवसांत येथील मुख्य पीक शेतांत उभें असतें. रब्बी ज्वारीची पेरणी भाद्रपद-आश्विनांत होते, आणि त्यानंतर पावसाचा थेंब न पडला तरी काळ्या जमिनीनें पोटांत सांठविलेल्या ओलाव्यावर तें पीक वाढतें. मंगळवेढ्याच्या परिसरास ज्वारीचें कोठार म्हणतात तें यामुळेंच. येथील ज्वारीस २०१६ मध्यें भौगोलिक निर्देशाचें मानांकन मिळालें. मालदांडी या नांवानें जी ज्वारी महाराष्ट्रभर खपते, तिच्यासाठीं हा मुलूख प्रसिद्ध आहे. कणीस कोंवळें असतांना आगटींत भाजून हातावर चोळलेला हुरडा, त्यासोबत लसणीची किंवा शेंगांची चटणी, दहीं आणि गुळाचा खडा, हें जेवण कोणत्याहि पंचतारांकित भोजनगृहांत मिळणार नाहीं. मात्र हुरड्याचे दिवस थोडे असतात. दाणा भरल्यापासून निबर होईपर्यंतचा काळ गांठावयाचा तर ओळखीच्या शेतकऱ्यास आधीं विचारून मगच तारीख ठरवावी. शेताच्या कडेनें पुष्कळदां करडई पेरलेली असते. तिचीं पिवळीं फुलें पाहून मुलें धांवत जातात, परंतु तिच्या पानांना कांटे असतात हें त्यांना आधींच सांगितलेलें बरें.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आणि तो शिकविणारा प्रसंग याच मुलखांत घडला. पुरंदरच्या तहानंतर मिर्झाराजा जयसिंग याने विजापूरवर स्वारी केली, तींत शिवाजी महाराज आपल्या फौजेसह सामील होते. फलटण, ताथवडा अशीं ठाणीं घेत ही फौज दक्षिणेकडे सरकली, आणि १६६५ च्या डिसेंबरांत मंगळवेढ्याचा किल्ला तिच्या हातीं आला. ऋतु अनुकूल, सैन्य प्रचंड, वाट मोकळी. विजापूर आतां कांहीं दिवसांचाच प्रश्न आहे असें कोणासहि वाटलें असतें. परंतु आदिलशहानें राजधानीच्या सभोंवारचीं तळीं फोडून टाकलीं, विहिरी बुजविल्या, झाडें तोडलीं आणि तो सारा प्रदेश निर्जल करून ठेविला. डिसेंबरच्या अखेरीस जयसिंग विजापूरच्या अगदीं नजीक पोहोंचला, आणि १६६६ च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यांत त्यास माघार घ्यावी लागली. विजापूरकरांच्या घोडदळानें त्यास सतावलें हें खरें. पण ऐन थंडींत इतकी मोठी फौज परतविण्यास पाण्याचा अभाव पुष्कळसा कारण झाला.

या मुलखांत हिंवाळ्यांतहि पाणी गृहीत धरूं नये, हा त्या स्वारीचा धडा सहलीस निघालेल्या कुटुंबासहि लागू आहे. प्रत्येक माणसामागें पिण्याचें पाणी बरोबर असावें. कोरड्या थंड हवेंत तहान लागल्याचें समजत नाहीं, म्हणून मुलांना आठवणीनें पाणी पाजावें. माध्यान्हीं ताक मिळालें तर अत्युत्तम. डोक्यास टोपी किंवा उपरणें असावें. बारा ते चार हा वेळ देवळाच्या ओवरींत, झाडाखालीं किंवा मुक्कामावर काढावा, आणि पाहण्यासारखें असेल तें सकाळीं व उतरत्या उन्हांत पाहावें.

याच्याच पोटांत आणखी एक गोष्ट आहे. भीमेवर उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें, आणि तिच्या कांठच्या गांवांत ऊंस आला. परंतु मंगळवेढें तालुक्याच्या दक्षिणेकडील कोरडवाहू गांवांना पाण्यासाठीं पुढेंहि वर्षानुवर्षें झगडावें लागलें. एकाच तालुक्यांत एका अंगास पाटाचें पाणी आणि दुसऱ्या अंगास टँकरची वाट पाहणारें गांव, असा हा मुलूख आहे. ज्या गांवीं बायकांनीं डोक्यावरून पाणी वाहिलें, त्या गांवीं आपण पाहुणे म्हणून उतरलों असतां नळ सोडून हात धुणें हें असभ्यपणाचें आहे. ही गोष्ट मुलांना रागावून सांगावी लागत नाहीं. एखादी कोरडी विहीर दाखविली म्हणजे पुरे.

तिसरा प्रश्न उतरावयाचें कोठें. त्याचें उत्तर माचणूर येथें मिळतें. मंगळवेढ्याहून सोलापूरच्या वाटेवर सुमारें चौदा किलोमीटरांवर भीमेच्या कांठीं हें गांव आहे. सिद्धेश्वराचें देऊळ, दगडी घाट, नदीचें रुंद पात्र आणि शेजारीं पडक्या तटाचा किल्ला, असा तेथील देखावा. शेजारच्या ब्रह्मपुरीस १६९५ मध्यें औरंगजेबानें आपली छावणी ठोकली, गांवास इस्लामपुरी असें नांव दिलें, आणि १६९९ च्या शरदापर्यंत हिंदुस्थानच्या पातशाहीचा कारभार या भीमाकांठच्या तळावरून चालविला. दिल्लीचा दरबार या खेड्यांत चार वर्षांहून अधिक काळ नांदत होता, हें आज तेथील शांत घाटावर बसून मनांत आणणें कठीण जातें. संभाजी महाराजांच्या वधानंतर कैद झालेल्या येसूबाई आणि बाल शाहू हेहि पातशाही छावणीबरोबरच होते. नदीच्या पलीकडे बेगमपूर नांवाचें गांव आहे, आणि तेथील एक कबर पातशहाच्या मुलीची म्हणून दाखवितात.

१६९७ च्या पावसाळ्यांत भीमेस महापूर आला आणि या छावणीची फार मोठी हानि झाली. प्रत्यक्ष पातशहाच्या तळासहि नदीनें सोडलें नाहीं. जुने यात्रेकरू पाण्याजवळ पण पाण्याच्या फार जवळ नाहीं असा मुक्काम कां करीत, तें यावरून ध्यानीं येईल. आतां धरणामुळें नदीचें वागणें पालटलें आहे. एरवीं कोरड्या दिसणाऱ्या पात्रांतहि वरून पाणी सोडलें म्हणजे तें एकाएकीं वाढतें. म्हणून माचणूरच्या घाटावर मुलांना पायऱ्यांच्या खालीं एकटें सोडूं नये, आणि पोहण्याचा मोह तेथील माणसांस विचारल्यावांचून करूं नये. रात्रीच्या मुक्कामास पंढरपूर किंवा सोलापूर बरें. मंगळवेढें पंढरपुराहून सुमारें पंचवीस आणि सोलापुराहून सुमारें पंचावन्न किलोमीटर आहे. दोन्हीकडून बसगाड्या मिळतात. सोलापुरास आगगाडी १८६० मध्यें आली, पंढरपुरास बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९०६ मध्यें पोहोंचली. आज दोन्हीकडे मोठ्या रुळांची गाडी आहे. मंगळवेढ्यास मात्र अद्याप सडकेनेंच जावें लागतें. निघण्यापूर्वीं पंचांग पाहण्यास विसरूं नये. माघी एकादशीस पंढरपूर आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेस सोलापूर माणसांनीं फुलून गेलेलें असतें. ज्यांना यात्रा पाहावयाची असेल त्यांनीं तेच दिवस धरावे. ज्यांना स्वस्थता हवी असेल त्यांनीं ते कटाक्षानें टाळावे.

आतां खुद्द मंगळवेढें. आज शांत तालुक्याचें गांव दिसणारें हें ठिकाण बाराव्या शतकांत कलचुरी घराण्याचें मुख्य स्थान होतें. चालुक्यांचा मांडलिक म्हणून येथून कारभार पाहणाऱ्या बिज्जलानें ११६२ च्या सुमारास कल्याणची गादीच बळकाविली. महात्मा बसवेश्वरांच्या चरित्रांतहि मंगळवेढ्यास मोठें स्थान आहे. कल्याणास जाण्यापूर्वीं त्यांनीं येथें राहून राजाच्या कोठारांत हिशेबनिसाचें काम केलें अशी परंपरा आहे. ज्यानें पुढें जातिभेदाविरुद्ध आणि श्रमाच्या प्रतिष्ठेसाठीं एवढी चळवळ उभारली, त्यानें प्रथम धान्याचे आणि पैशाचे आंकडे मांडले ते या गांवांत. येथील बाजारांत मराठी आणि कानडी दोन्ही भाषा कानीं पडतात. पेशवाईच्या काळापासून हें गांव पटवर्धनांकडे आलें, आणि १९४८ मध्यें संस्थानें विलीन होईपर्यंत तें सांगली संस्थानांत होतें. म्हणूनच ब्रिटिश अमदानींत मंगळवेढें सोलापूर जिल्ह्यांत मोडत नव्हतें.

परंतु सामान्य मराठी माणसाच्या मनांत मंगळवेढें म्हणजे दामाजीपंतांचें गांव. कथा सर्वांस ठाऊक आहे. बेदरच्या पातशहाचा अंमलदार दामाजी मंगळवेढ्यास असतां दुष्काळ पडला. एक उपाशी ब्राह्मण त्याच्या पानावर बसून घरच्या मुलांच्या आठवणीनें रडूं लागला. दामाजीनें सरकारी अंबारें फोडून लोकांना धान्य वांटलें. चुगली झाली, पकडण्याचा हुकूम सुटला. आणि दामाजी वाटेंत पंढरीस देवदर्शन घेत असतां प्रत्यक्ष विठ्ठल महाराचा वेष घेऊन बेदरास गेला, धान्याची किंमत भरून पावती घेऊन आला. महिपतीनें १७६२ मधील आपल्या 'भक्तविजय' ग्रंथांत ही कथा विस्तारानें सांगितली आहे.

यांत इतिहास किती ? लोक हा दुष्काळ दुर्गादेवीचा म्हणतात. परंतु दुर्गादेवीचा दुष्काळ चौदाव्या शतकाच्या अखेरचा, आणि त्या वेळीं बहामनी सुलतानांची राजधानी गुलबर्गा येथें होती. ती बेदरास गेली पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत. १४६० च्या सुमारास पडलेल्या दुसऱ्या एका दुष्काळास मात्र दामाजीपंताचा दुष्काळ हेंच नांव आहे. कथेंतील बेदर खरें मानावयाचें असेल तर ही दुसरी मितीच अधिक जुळते. तसें असल्यास तेव्हां गादीवर हुमायून होता, ज्यास इतिहासानें 'जालीम' असें विशेषण दिलें आहे. आणि अशा धन्याचें धान्य त्याच्या हुकुमावांचून वांटणें म्हणजे मान कापून देण्यासारखेंच होतें. चमत्कार बाजूस ठेविला तरी एवढें उरतें, कीं सरकारी कोठार आणि उपाशी माणूस यांच्यामध्यें ज्याच्या हातांत किल्ली होती, त्यानें ती फिरविली. पुढें १८७६-७७ च्या आणि १९७२ च्या दुष्काळांत याच सोलापूरच्या मुलखांत माणसें खडी फोडून जगलीं, तेव्हां दामाजीचें नांव कितींच्या तरी तोंडीं आलें असेल.

म्हणून चौथा प्रश्न, खावयाचें काय, याचें उत्तर हेंच, कीं येथील धान्य खावें. शहरांतून डबाबंद खाऊ नेऊन मंगळवेढ्यास तोच खाऊन परत येणें हें कांहीं बरें नव्हे. ज्वारीची भाकरी, पिठलें, शेंगांची चटणी, हुलग्याचीं शेंगोळीं, धपाटे, असें जें मिळेल तें आवडीनें खावें. पानांत टाकूं नये. आणि परततांना चार-पांच किलो ज्वारी थेट शेतकऱ्यापासून, तो सांगेल त्या भावानें, विकत घ्यावी. दामाजीच्या गांवीं धान्याची घासाघीस शोभत नाहीं.

राहिला पांचवा प्रश्न, पाहावें काय. आणि त्याचें उत्तर देतांना थोडें थांबावें लागतें. मंगळवेढ्यास येणारीं बहुतेक कुटुंबें दामाजीच्या देवळांत जातात, प्रसाद घेतात आणि परततात. पण याच गांवीं चोखोबांचा अंत झाला. संत चोखामेळा हे येथील महार, नामदेवांचे समकालीन. त्यांना विठ्ठलाचें दर्शन महाद्वाराबाहेरूनच घ्यावें लागे. मंगळवेढ्याच्या गांवकुसाच्या कामावर ते इतर मजुरांबरोबर राबत असतां शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्यें, भिंत ढासळली आणि तिच्याखालीं सांपडून ते मरण पावले. नामदेवांनीं येऊन ढिगाऱ्यांतून त्यांच्या अस्थि निवडून काढल्या, आणि पंढरपुरास महाद्वारासमोर त्यांची समाधि बांधिली, असें परंपरा सांगते.

आतां या दोन कथा शेजारीं ठेवून पाहाव्या. एका कथेंत अंमलदाराची मान वांचविण्यासाठीं देव महार होऊन बेदरापर्यंत धांवत जातो. दुसरींत खराखुरा महार, तोहि देवाचा इतका लाडका भक्त, गांवच्या भिंतीखालीं चिरडला जातो, आणि देव येत नाहीं. चोखोबांचा अंत आधींचा, दामाजीची कथा नंतरची. मध्यें शंभराहून अधिक वर्षें गेलीं. ज्या गांवानें आपल्या कुसाबाहेरच्या माणसास कुसाच्या भिंतीखालीं गमाविलें, त्याच गांवाच्या कथेंत देवास पुढें रूप घ्यावयाचें झालें तेव्हां त्यानें त्याच माणसाचें रूप घेतलें. यांत पश्चात्ताप आहे, कीं केवळ कथाकाराची कल्पकता आहे, हें ठरविणें आपणांस शक्य नाहीं. परंतु दोहोंपैकीं एकच कथा सांगून मुलांना परत आणणें हें अर्धवट सांगणें होय.

मुलें येथें प्रश्न विचारतील. विचारलाच पाहिजे असा तो प्रश्न आहे. 'दामाजीसाठीं देव आला, मग चोखोबांसाठीं कां आला नाहीं ?' या प्रश्नास वडील माणसांनीं घाईघाईनें उत्तर देऊं नये. आईबापांनीं फार तर इतकें सांगावें, कीं ज्या दारांतून चोखोबांना आंत घेतलें गेलें नाहीं तें पंढरपूरच्या देवळाचें दार १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींच्या उपोषणानंतर अस्पृश्य मानलेल्यांस उघडलें. चोखोबांच्या मरणानंतर सहाशें नऊ वर्षांनीं. म्हणजे जें काम देवानें केलें नाहीं तें माणसांना करावें लागलें, आणि तेंहि फार उशिरां. हें ऐकून मुलें गप्प बसलीं तर बसूं द्यावीं.

तिसरी आठवण कान्होपात्रेची. ती याच मंगळवेढ्याची, शामा नांवाच्या गणिकेची कन्या. बेदरच्या पातशहाचें बोलावणें आलें असतां तिनें पंढरीस जाऊन विठ्ठलाच्या पायांशीं देह ठेविला अशी कथा आहे. तिची आठवण म्हणून देवळाच्या आवारांतील तरटीचें झाड दाखवितात. बेदरची तीच सत्ता एका कथेंत धान्यावर हक्क सांगते आणि दुसरींत मुलीवर. घरांतील मोठ्या मुलींनीं या तिघांतील सर्वांत अधिक विचार हिचाच केला तर त्यांत नवल नाहीं.

हें सारें ध्यानीं घेतां सहलीची आंखणी अशी करावी. दिवस तीन पुरेत. पहिल्या दिवशीं पंढरपुरास उतरावें. सायंकाळीं महाद्वारांतील नामदेवांची पायरी आणि तिच्याजवळची चोखोबांची समाधि आधीं पाहावी, मग आंत जावें, आणि आवारांत कान्होपात्रेचें स्थान पाहावें. दुसऱ्या दिवशीं पहाटेस निघून मंगळवेढ्यास यावें. सकाळच्या थंडींत प्रथम चोखोबांचें स्मारक पाहावें, मग दामाजीच्या देवळांत जावें; हा क्रम सोडूं नये. माध्यान्ह कोणा ओळखीच्या शेतावर किंवा गांवांत जेवून काढावी, हुरड्याचे दिवस असतील तर दुपार टळल्यावर आगटीभोंवतीं बसावें. तिसऱ्या दिवशीं माचणूरचा घाट आणि किल्ला पाहून सोलापूरकडे वळावें. सोलापुरास सिद्धेश्वराचें तळें व भुईकोट किल्ला पाहून रात्रीच्या गाडीनें परतावें. ज्यांच्याजवळ चौथा दिवस असेल त्यांनीं मंगळवेढ्याहून विजापुरास जाऊन १६५६ चा गोलघुमट पाहावा. जयसिंगास जें शहर मिळालें नाहीं तें आपणांस दोन-अडीच तासांच्या प्रवासांत मिळतें. घरांत वृद्ध असतील तर एका दिवशीं एकाहून अधिक मोठी जागा ठरवूं नये, आणि मुलांचा एखादा दुपारचा तास मुद्दाम मोकळा ठेवावा. झाडाखालीं चिंचोके खेळतांना मुलें जें पाहतात तें आंखणींत कधींच नसतें.

या सहलींत हिरवी दरी नाहीं, धबधबा नाहीं, घोड्यावरची रपेट नाहीं. आहे तें ऊन. पौषांतलें तें ऊन अंगास गोड लागतें. पण वैशाखांत याच उन्हानें विहिरी आटतात, आणि पाऊस दोन वर्षें चुकला कीं याच उन्हाखालीं दामाजीपुढें तो ब्राह्मण रडत बसला होता. थंड हवेच्या ठिकाणीं गेलेलें कुटुंब उन्हास विसरण्यासाठीं जातें. मंगळवेढ्यास जाणाऱ्या कुटुंबानें तें ओळखण्यासाठीं जावें. घरीं परतल्यावर त्या ज्वारीची पहिली भाकरी ज्या दिवशीं तव्यावर पडेल, त्या दिवशीं मुलांना एवढेंच विचारावें कीं मंगळवेढ्यास कोणाकोणास भेटलों. त्यांनीं दामाजीबरोबर चोखोबांचें नांव आपण होऊन घेतलें, तर सहल कारणीं लागली असें समजावें.